सोनाबाईंच्या नावावरची पुस्तकं

इंदूआक्का गेल्याची बातमी मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळली. शेवटच्या वर्षाची एक मुलगी वह्या ठेवायला आली होती. जाता जाता म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीतल्या इंदूआक्का काल गेल्या. वाचनालयात असायच्या बघा पूर्वी." आणि मी विचारलं, "कोण इंदूआक्का?" शेजारी दोन सहकारी चहा पीत बसले होते, एवढंच त्याला कारण. इंदूआक्का कोण, हे मला चांगलं ठाऊक होतं. मुलगी गेली, मी पुढचा तास घेतला, तोही नेहमीसारखा... महिना झाला, पण तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या पेठेतल्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम आक्का करायची. मी चौदा वर्षांची होते. शाळकरी मुलींना कादंबऱ्यांच्या कपाटाला हात लावायची बंदी होती, त्यामुळे मी काचेला नाक लावून नुसती नावं वाचायची. एक दिवस आक्का म्हणाली, "आईला सभासद कर की. तिच्या नावावर ने." मी म्हटलं, आईला वाचता येत नाही. "मग तू हाईस न्हवं? वाचून दाखव तिला. आईम्होरं वाचशील त्यात वंगाळ काय आसंल?" असा आमच्या घरात कादंबऱ्यांचा प्रवेश झाला. आई, सोनाबाई, लोकांच्या वाकळा शिवायची. दुपारी ती जुन्या लुगड्यांचे थर पसरून टाके घालायची आणि मी शेजारी बसून वाचायची. "थांब, दोरा सपला," असं ती म्हणाली की नायकालाही दारातच थांबावं लागे.

आक्कानं त्या कपाटाचे स्वतःचे कप्पे पाडले होते. राजवाड्यातली, मळ्यातली, डाक्टरची, कॉलेजातली, भुताच्या बंगल्यातली, नुसत्या पत्रांची. सगळ्या प्रेमाच्याच, पण आक्काच्या लेखी राजवाड्यातलं प्रेम वेगळं आणि मळ्यातलं वेगळं. कुणी "एक चांगलं पुस्तक द्या" म्हटलं की ती आधी विचारायची, "रडायचं हाय का हसायचं?" मग घरचं विचारायची. कोडोलीहून लग्न होऊन आलेली एक पोरगी माहेरच्या आठवणीनं सुकली होती, तिला मळ्यातली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना डाक्टरची कधीच नाही. "दिवसभर डाक्टरच बघत्यात बिचाऱ्या. त्यास्नी राजवाड्यात जाऊ दे की जरा!" नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईला ती बंगल्यातली द्यायची, म्हणजे रात्री भीती वाटून आपोआप बोलणं सुरू होतं म्हणे. पुढं मी एम.ए.ला पुष्कळ समीक्षा वाचली, पण वाचक आणि पुस्तक यांची गाठ इतकी अचूक घालणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. हे मी आज लिहितेय. तेव्हा लिहिलं ते वेगळंच.

मला कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, आडनाव बदललं. दर शनिवारी आईकडं जाताना मी वाचनालयातून पुस्तक न्यायची, अजूनही तिच्याच नावावर, शबनम पिशवीच्या तळाशी, वर एक जाडजूड समीक्षाग्रंथ ठेवून. अशात वाचनालयाच्या कमिटीनं ते कपाट काढून टाकायचं मनावर घेतलं आणि मराठीच्या प्राध्यापिका म्हणून माझं मत मागवलं. मी दोन पानं लिहून दिली. वाचकांची अभिरुची, साहित्याची घसरण, बायकांचा रिकामा वेळ... होय, रिकामा वेळ असंच लिहिलं. माझ्या आईनं जन्मात कधी हात रिकामा ठेवला नव्हता.

सभेला मलाही बोलावलं होतं. आक्का कपाटाजवळ किल्ल्या घेऊन उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही, मीही नाही. एका सभासदानं रजिस्टर उघडून कादंबऱ्या कोण नेतं ते वाचून दाखवायला सुरुवात केली. "ह्या सोनाबाई बघा! आठवड्याला एक प्रेमकथा, तीही इतकी वर्षं. घरात स्वयंपाक तरी होतो का नाही?" सगळे हसले. मी हसले. माझ्या आईच्या नावावर मी हसले.

मग अध्यक्षांना शंका आली, की अशी बाई खरंच आहे का? का ह्या कपाटाला मागणी आहे असं दाखवायला इंदूबाईच खोटी नावं लिहितात? आईनं शिवलेली वाकळ अध्यक्षांच्या घरी गेली असेल, आई स्वतः कधी गेली नव्हती. "अर्ज दाखवा त्यांचा," ते म्हणाले. आक्कानं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी चष्मा पुसायला घेतला. "अर्ज घावंना झालाय, सायेब. पर बाई हाय की. वाकळा शिवती. दुपारचं वाचती," आक्का म्हणाली. वाचती! आई अंगठा उठवायची, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. "माझी आई आहे ती," एवढं मी बोलले असते तर आक्कावरचा आळ तिथंच मिटला असता. मी चष्मा पुसत राहिले. खोट्या नोंदींचा ठपका ठेवून आक्काला त्याच महिन्यात काढलं आणि कपाट रद्दीत गेलं.

आई विचारायची, "नवं पुस्तक आणलं न्हाईस?" मी सांगायची, वाचनालय बंद असतंय. पुढं आईही गेली. आक्का मला त्यानंतर एकदाच भेटली, एस.टी. स्टँडवर. मी तोंड चुकवणार तोच म्हणाली, "काय वाचतीस आता?" वेळ मिळत नाही म्हटलं. "मग पत्रांची वाच. बारकी आसत्यात." एवढंच. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात धीर करून मी तिच्या घरी गेले. तिच्या भाचीनं एक पाकीट पुढं केलं, वर माझं माहेरचं नाव. आत आईचा अर्ज होता. नाव सोनाबाई. धंदा शिवणकाम. शिक्षण या रकान्यात आक्काच्या अक्षरात "वाचता येत नाही. मुलगी वाचून दाखवते." सहीच्या जागी आईचा जांभळा अंगठा. हा कागद त्या दिवशी आक्काकडंच होता! तो टेबलावर ठेवला असता तर तिची नोकरी वाचली असती आणि माझी अब्रू गेली असती. तिनं उलटं होऊ दिलं.

अर्जाच्या तळाशी छापलेलं होतं, "वरील व्यक्ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे." तिथं कुणाची सही घ्यायची असा प्रश्न तेव्हा पडला होता, तो मला आता आठवला. आक्का म्हणाली होती, "तूच कर की. आईला वळखतीस न्हवं?" आणि मी पुरं नाव लिहून, खाली दोन रेघा ओढून, ऐटीत सही केली होती. चौदाव्या वर्षी जमलं होतं ते.

सोनाबाई माझी आई. इंदूआक्का माझ्या चांगल्या ओळखीची.