तात्यांचा गुडघा आणि आमचा उंबरा

तात्या न्हाणीत घसरले तेव्हा त्यांना फारसं लागलं नाही. लागलं ते मला, आणि तेही जत्रेच्या दिवशी.

तात्या म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेले जुने पैलवान, आणि कृष्णाकाठच्या आमच्या गावात जत्रेच्या कुस्त्यांचे कायमचे पंच. मी नुकताच लढाई संपवून (म्हणजे लढाई आपली आपण संपली, मी फक्त परत आलो) घरी आलो होतो. पलटणीत मी इस्पितळातला अर्दली होतो. रोग्यांना उठवणं, बसवणं आणि भांडी देणं एवढंच माझं काम. पण गावात पाऊल टाकताच मी डॉक्टर झालो. लोकांनी केलं नाही, माझा मीच झालो!

तात्यांचा गुडघा सुजला होता आणि जत्रा तोंडावर आली होती. मी तो दाबून बघितला, मान हलवली (डॉक्टर हलवायचे तशी) आणि म्हणालो, "तात्या, आता परत पडलासा तर जत्रा इसरा. आजपास्नं घरात माझी आर्डर चालंल!"

"आन् मी फडात न्हाई गेलो तर?"

"दुसरं कोन तरी पंच बसंल."

तात्यांचं तोंड एवढंसं झालं. आईनं मला चुलीपाशी गाठलं. "सर्जा, ह्या साली त्येंची पंचाची जागा गेली तर मानूस अंथरूण धरंल बग. काय बी कर, पर त्येंला धडधाकट फडात बसीव."

झालं! मला मोहीमच मिळाली.

पहिल्यांदा मी मोटेचा जुना नाडा तात्यांच्या बाजेपासून न्हाणीपर्यंत भिंतीकडेनं ताणून बांधला. धरून चालायला. आईनं त्यावर लगेच ओली लुगडी वाळत घातली. (एवढी चांगली दोरी मोकळी कशी ठेवायची?) तात्या सकाळी नाडा धरून निघाले ते थेट लुगड्यात शिरले आणि आतूनच ओरडू लागले, "आगं, भाईर काढा मला! ह्येनं मला गुंडाळलं!"

मग मी त्यांच्या काठीला बैलाची घंटा बांधली. म्हातारं उठलं की आपल्याला कळावं!

"मी काय बैल हाय व्हय रं?"

"तात्या, मिलिट्रीत समद्या पेशंटांजवळ घंटा असती." (नसते.)

तात्या घंटा वाजवत गोठ्याकडे गेले. दुपारभर मी ओसरीवर घंटा ऐकत निर्धास्त लोळलो. बाप गोठ्यातल्या गोठ्यात सुखरूप फिरतोय, आणखी काय पाहिजे? दिवस कलल्यावर जाऊन बघतो, तर घंटा वासराच्या गळ्यात आणि तात्या तालमीत, पोरांना ढाकेचा डाव कसा मारायचा ते दाखवतायत! सुजलेल्या गुडघ्यानं!

शेवटी माझी नजर उंबऱ्यावर गेली.

माजघर आणि ओसरी यांच्यामधला तो सागवानी उंबरा घोट्याच्याही वर यायचा. म्हाताऱ्या माणसाला हा सापळाच, असं मी ठरवलं. आई त्याला रोज हळदकुंकू लावायची. घरातलं चिमटीएवढं पोरसुद्धा तो ओलांडून जायचं. मी मात्र पलटणीतून आल्यापासून बुटाचा पाय त्यावर धाडकन ठेवूनच बाहेर पडायचो. "उंबऱ्यावर पाय दिऊ नये रं!" असं आई रोज ओरडायची आणि मी रोज द्यायचो.

सुताराला बोलावलं, तर त्यानं कानावर हात ठेवले. "उंबरा कापू? गड्या, मला बायकापोरं हायती!"

मग आई नदीला धुणं घेऊन गेल्यावर मीच करवत चालवली, पहारीनं उंबरा उपटला आणि खालची जमीन चोपून सपाट केली. आई आली. दारात बघितलं आणि पिळे तिच्या हातातून गळाले.

"मुडद्या, घराची लक्षुमी उपटलीस!"

"आगं, तात्या अडकून पडलं असतं."

"जलमभर न्हाई पडलं त्ये!"

दुसऱ्या दिवसापासून ती रिकाम्या जागेलाच हळदकुंकू लावू लागली. शेजारच्या कोंबड्या थेट माजघरात येऊन दाणे टिपू लागल्या. आणि सगळं घर, तात्यांसकट, तिथं आलं की चौकट धरायचं, पाय चांगला उंच उचलायचं आणि नसलेला उंबरा ओलांडायचं! मी एकटाच शहाणा उरलो होतो. मी पोट धरून हसायचो.

जत्रेचा दिवस उजाडला. फडात हलगी कडाडली. सूज उतरली होती. तात्यांनी पटका बांधला, चौकट धरली, पाय उचलला आणि ऐटीत ओसरीवर उतरले. सुखरूप! खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात लक्षात आलं की गुडघा दुमडून मांडी घालायची नाही, म्हणजे बसायला खुर्ची पाहिजे. मास्तरांकडून आणलेली खुर्ची आत होती. ती डोक्यावर घेतली, "तात्या, थांबा!" म्हणून धावलो आणि दारात सवयीनं पाय उंबऱ्यावर धाडकन ठेवला.

उंबरा नव्हता.

मी आणि खुर्ची ओसरीवरून थेट अंगणात! खुर्चीला काही झालं नाही. माझा खांदा निखळला. आई पळत आली आणि आधी म्हणाली, "पाय दिऊ नगं म्हणून बोंबलत हुते!" आणि मग रडली.

हाडवैद्य जत्रेच्या दिवशी फडाशिवाय कुठे सापडणार? गल्लीतल्या पोरांनी मला तात्यांच्याच बाजेवर घातलं, खुर्ची उचलली आणि तात्यांच्या मागोमाग वाजतगाजत फडात नेलं. गर्दीत एकच गलका.

"पैलवान कुटला रं?"

"आजून एक बी कुस्ती झाली न्हाई, आन् ह्यो कसा पडला?"

वैद्यानं माझ्या काखेत टाच लावून असा हिसका दिला, की मी मारलेली बोंब नदीपलीकडे ऐकू गेली म्हणतात. तात्या खुर्चीवरून उठून जवळ आले. डोक्यावरून हात फिरवला. "लय लागलं का रं?" मी नाही म्हणालो. मग ते गर्दीकडे वळले आणि पंचाचा हात वर केला.

"पयली कुस्ती निकाली! सर्जेराव इरुद्ध उंबरा. सर्जेराव चितपट!"

"पर तात्या, उंबरा कुटं हाय?"

"जिकून घरला गेला!"

मग त्यांनी रीतीप्रमाणे बक्षिसाचा नारळ दिला, तो माझ्यामागं आलेल्या आईच्या हातात. तिनं तो घरी आणून दारात, रिकाम्या जागेवर ठेवला. संध्याकाळी चहाबरोबर खोबरं चावावं म्हणून मी धडधाकट हातानं तो उचलला, तशी आई म्हणाली, "ठिव खाली. हारल्याला नारळ नसतोय."