पार्किंगमधली होडी

शेठ कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेरांनी वाजवून बघायचे. कलिंगड आपण सगळेच वाजवतो. शेठ दार वाजवायचे, पाण्याची टाकी वाजवायचे, सोसायटीची नवी लिफ्ट बाहेरून आणि आतून वाजवायचे, आणि मान हलवून म्हणायचे, "हाय. कुठंतरी खोट हाय." आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा तो वाजवून झाल्यावर बायकोने त्यांना चहा दिला, तर त्यांनी कपही वाजवला. बायको दोन दिवस माझ्यावर चिडून होती, जसं काही शेठना मीच शिकवलेलं.

तुमच्याही सोसायटीत असा एकजण असेलच. शेठना जाऊन आता बरेच दिवस झाले, तरी लिफ्ट अडकली की आम्ही अजून त्यांचं नाव काढतो.

डोंबिवली पश्चिमेला आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांची. पूर्वी तिथे त्यांची भातशेती होती आणि शेताच्या टोकाला खाडी. आम्ही नोकरदार मंडळी कर्ज काढून राहायला आलो आणि जमिनीचे मालक आमच्यातच तळमजल्यावर लुंगी-बनियनवर राहायला लागले. मी बँकेतून रिटायर झालेलो, वेळ भरपूर, म्हणून सगळ्यांनी मला सेक्रेटरी केलं. सेक्रेटरी म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारा बिनपगारी माणूस.

एका रविवारी सकाळी वॉचमन धावत वर आला. "साब, नीचे नाव आयी है." मला वाटलं कुणाचं तरी नाव रजिस्टरमध्ये लिहायचंय. खाली जाऊन बघतो तर गेटात टेम्पो, आणि टेम्पोवर पांढरी, कोरी करकरीत फायबरची होडी. वसईच्या बाजूच्या एका कारखान्यातून आलेली. वॉचमन बिचारा पेन घेऊन तिच्याभोवती फिरत होता, गाडीचा नंबर शोधत.

शेठ मात्र कुणाकडे बघतच नव्हते. टेम्पोवर चढून होडीला कान लावून त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवली. टेम्पोवाला कंटाळून वडापाव खाऊन आला तरी यांचं चालूच. शेवटी आम्ही सातआठ जणांनी ती उचलून त्यांच्या पार्किंगमध्ये ठेवली. आता तक्रारी आल्याच. मी नोटीस लावली, की पार्किंग फक्त वाहनांसाठी आहे. शेठनी नोटीस वाचली आणि थंडपणे विचारलं, "मंग होडी काय हाय, सेक्रेटरी? कपाट?"

मी नोटीस काढून खिशात घातली.

त्यानंतर होडी सजायला लागली. शेठनी वल्ही आणली, ती परत केली, दुसरी आणली. नांगर आणला, दोर आणला, कडेला लावायला जुने टायर आणले. गळते का बघायला त्यांनी ती पाण्याने काठोकाठ भरली, तीही टँकर येण्याच्या दिवशी. त्या दिवशी मात्र मी चांगलाच तापलो. "अहो शेठ, लोकांना आंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही होडीला आंघोळ घालताय?" तर म्हणाले, "पुढच्या रविवारी सोडतूच पाण्यात. थोडंच काम रायलंय." तो पुढचा रविवार काही येईना. पावसाळा गेला, दिवाळी गेली. होडीवर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या आत शेठ.

त्यांचा सगळा जीव मधल्या बसायच्या फळीत अडकला होता. ती आधी उंच बसवली, मग खाली घेतली, मग पाठ टेकायला मागे आडवी पट्टी लावली, उठताना धरायला मूठ लावली. मी विचारलं, एवढं कोण म्हातारं बसणार आहे? शेठ सँडपेपर घासत राहिले. घासता घासताच म्हणाले, "दादाचं गुडघं दुखतान."

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. आठ वर्षांत मी त्याला कधी बघितलेला नव्हता. तो ठाण्यात वर्तकनगरला मुलाकडे राहतो एवढंच ऐकून होतो. बाकीचं मला वहिनींनी, म्हणजे शेठच्या बायकोने सांगितलं. इमारतीसाठी भराव टाकायला गाड्या आल्या तेव्हा खाडीच्या काठाला या दोघांच्या वडिलांची जुनी लाकडी होडी पडून होती. बिल्डरच्या माणसाने विचारलं, हिचं काय करू? शेठ म्हणाले, सडलीय, टाक माती. दादा संध्याकाळी आला तेव्हा होडी मातीखाली गेली होती. दादा भांडला नाही. "बापाला गाडलास," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

"तेच्यासाठीच आणलीय ही," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात घरातला मोठा नारळ फोडतो, पयला पाय तो ठेवतो, तवा होडी पाण्यात जाते. तोवर कोन बसत नाय. पन बोलवायची छाती होत नाय यांची. दादा खोट काढील म्हणून रोज नवा खिळा मारतान."

मला शेठचा रागही आला आणि वाईटही वाटलं. एवढा दांडगा माणूस, आणि सख्ख्या भावाच्या दारात जायला घाबरतोय. मी लगेच खाली गेलो आणि सांगितलं, "शेठ, आता खरीच नोटीस काढतो. उद्या आपण वर्तकनगरला जातोय, मी येतो बरोबर."

गेलो आम्ही. रिक्षात शेठनी इस्त्रीचा शर्ट सारखा ओढून सरळ केला. दादा समोर आला की कसं सुरू करायचं ते पुटपुटत होते. दार पुतण्याने उघडलं. काकांना बघून तो गडबडला, आत घेतलं, पाणी दिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, बाबा आता कुणाला ओळखत नाहीत. मलापण कधी ओळखतात, कधी नाही. गेल्या दिवाळीपर्यंत ठीक होते. तेव्हा रोज विचारायचे, त्यानं होडी आणलीय म्हणतात, मना बोलावनं कसं नाय आलं?"

शेठच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. दिवाळीत तर होडी तयारच होती हो. मला माहीत आहे, मीच रोज येता-जाता बघत होतो.

आतल्या खोलीत दादा खिडकीशी बसला होता. शेठसारखंच नाक, शेठसारखेच रुंद पंजे. त्याने दोघांकडे बघून नम्रपणे विचारलं, "कोन तुमी?"

रिक्षात पाठ केलेलं शेठ सगळं विसरले. "होडीत बसवाला न्यायला आयलोय," एवढंच म्हणाले. म्हातारा लगेच उठून चप्पल शोधायला लागला.

दोन दिवसांनी भरतीची वेळ बघून आम्ही होडी खाडीवर नेली. पुतण्याने दादाला गाडीतून आणलं, वहिनीही आल्या. काय करायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. होडीच्या नाकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं, उजवा पाय टाकून मूठ धरून मधल्या फळीवर जाऊन बसला. पाठ पट्टीला टेकली. खोटबिट काही त्याने बघितलीच नाही, नुसता हसत होता. गुडघाभर पाण्यात उभे राहून शेठ होडी ढकलणार, तेवढ्यात दादाने हात वर केला.

"थांब रं. माजा धाकटा यायचा हाय."

पुतण्या पुढे होऊन म्हणाला, "बाबा, अहो हेच ना काका." दादाने शेठकडे नीट बघितलं आणि मान हलवली. "ह्यो नाय. ह्यो म्हातारा हाय. माजा भाव रुसलाय माज्यावर. तो आल्याबिगर होडी नाय सोडाची."

शेठनी दोर माझ्या हातात दिला. पाण्यातून निघाले, काठ चढून वर रस्त्यापर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं आता हे घरी जातात. वहिनी त्यांच्यामागे जायला निघाल्या तर मी त्यांना थांबवलं. मग शेठ तोंडावरून हात फिरवत परत वळले आणि उतरून आले, यावेळी जरा भरभर, पोरासारखे. होडीपाशी येऊन उभे राहिले.

"आयलो, दादा."

दादाने त्यांच्याकडे बघितलं. मग हाताने पट्टी धरून तो फळीवर थोडा सरकला आणि शेजारी जागा केली.

"बस," तो म्हणाला. "कती उशीर केलास."

शेठ बसले. दोर माझ्या हातातच होता, आणि सोड म्हणायचं दोघंही विसरले होते.