बायजाबाईची अट

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन ठोके दाखवले, तेव्हा उमेंद्र हसला आणि त्याची बायको दुर्गेश्वरी बोटांवर महिने मोजू लागली. तिचं बी.एड.चं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. हजेरी कमी पडली तर वर्ष जाणार, आणि एकदा वर्ष गेलं की आपण पुन्हा कॉलेजची पायरी चढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या मोठ्या बहिणीने असंच ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

उमेंद्रची नोकरी रायपूरच्या कारखान्यात. तो शनिवारी संध्याकाळी गोंदियाला यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचा. दुर्गेश्वरीला आई नव्हती. सासूबाई निर्मलाबाई केशोरीला, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांजवळ. एक लेकरू असतं तर कसंही निभावलं असतं, असं त्या फोनवर म्हणाल्या आणि रडू लागल्या. मग त्यांचीच समजूत घालावी लागली.

तेव्हा घरी राहून लेकरं सांभाळणारी बाई शोधणं सुरू झालं. भांडी घासायला येणाऱ्या अनुसयाबाईंनी वस्तीतल्या तीन बाया आणल्या. एकीला संध्याकाळी पाचला घरी जायचं होतं. दुसरीचा नवरा रात्री दारात बसून तिची वाट बघायचा. तिसरी सगळ्याला हो म्हणाली, पण जुळी आहेत हे कळताच उठून चपला शोधू लागली. ‘दो बच्चे? मेरे से नहीं होगा, दीदी.’

शेवटी वर्गातल्या रश्मीने दरेकसाच्या बायजाबाईचं नाव सुचवलं. रश्मी सालेकसाची, तिच्या घरची दोन बाळंतपणं बायजाबाईने काढली होती. बायजाबाई विधवा, मूलबाळ नाही. पन्नाशीच्या पुढची, उंच, वाळलेली, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. दिवाळीनंतर ती पॅसेंजरने आली, ओसरीत भिंतीला टेकून बसली आणि तिनेच प्रश्न विचारले. पाणी कुठून येतं, ऊन कोणत्या बाजूने येतं, घरात मोठ्याने भांडणारं कोणी आहे का. पगाराचं रश्मीने ठरवलं तेवढं तिला चाललं. तिची अट एकच होती.

‘मोहाच्या दिवसात मी घरी जाईन. पंधरा-वीस रोज. मंग येईन.’

दुर्गेश्वरी लगेच हो म्हणाली. मोहाची फुलं वेचायचा हंगाम फाल्गुन-चैत्रात येतो. तो तिला तेव्हा फार दूर वाटला.

नोव्हेंबरअखेर मुलगी झाली आणि तिच्यामागून सहा मिनिटांनी मुलगा. नावं भूमिका आणि योगराज ठेवली, पण बायजाबाईसाठी ती ‘आगेची’ आणि ‘मागेचा’ झाली. पाय लांब करून ती दोघांना एकामागून एक न्हाऊ घालायची. धाकटा रडला तरी थोरलीला घाईने उरकायची नाही. ज्याची पाळी त्याची पाळी. गोंडीत त्यांच्याशी ती इतकं बोलायची की एरवी दिवसभर गप्प राहणारी बाई हीच का, असा प्रश्न पडावा. महिन्याभराने दुर्गेश्वरी कॉलेजला जाऊ लागली. परत येताना कोपऱ्यावरून तिला आपल्या घरातलं रडणं ऐकू येत नसे, आणि ती पावलं सावकाश टाकू लागे.

फेब्रुवारी संपता संपता बायजाबाई म्हणाली की झाडाखालचा पाचोळा काढायला जायचं आहे. त्याच आठवड्यात दुर्गेश्वरीच्या अंतिम पाठांची तारीख लागली आणि भूमिकेला जुलाब सुरू झाले. निर्मलाबाई चार दिवस येऊन गेल्या, पण पोरगी बायजाबाईखेरीज कोणाच्या हातून दूध घेईना.

‘आठ दिवस थांबा, मावशी,’ दुर्गेश्वरी म्हणाली. ‘मोहाचे जे पैसे येतात ते मी वरून देते.’

बायजाबाईने भूमिकेला खांद्यावर घेतलं. ‘पैशाचं नाही, बाई.’

दुर्गेश्वरीला ती भीड वाटली. मावशीचा लेकरांवर जीव जडला आहे, असंही वाटलं, आणि ते वाटणं सोयीचं होतं. पाठाची तारीख एकदा पुढे ढकलली गेली, मग आणखी एकदा. आठाचे चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले. मधे दोनदा बायजाबाईचा पुतण्या रूपेश याचा फोन आला. ती अंगणात उभी राहून गोंडीत बराच वेळ बोलली आणि आत येऊन लंगोट वाळत घालू लागली. काय झालं, हे दुर्गेश्वरीने विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबवता आलं नसतं, हे तिच्या मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्याला तेव्हाही कळत होतं.

पाठ उत्तम झाले. एप्रिलच्या मध्यावर बायजाबाई गावी गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. मोह सापडला का, असं विचारलं तर ‘सरला’ एवढंच म्हणाली. पुढे सासरे वारले, निर्मलाबाई गोंदियाला राहायला आल्या आणि बायजाबाई दरेकसाला परतली. निघताना तिने दोन्ही लेकरांच्या टाळूला तेल लावलं.

पोरं सव्वादोन वर्षांची झाल्यावर दुर्गेश्वरी त्यांना घेऊन तिला भेटायला गेली. आता ती एका शाळेत शिकवत होती. दोघांसाठी नवे कपडे घेतले होते आणि मावशीसाठी लुगडं. सकाळच्या गाडीने उतरली तर घराला कडी. शेजारच्या ओट्यावर मंगरू नावाचा म्हातारा बसला होता. बायजाबाई रूपेशच्या झाडाखाली वेचायला गेली आहे, असं त्याने सांगितलं.

‘स्वतःच्या झाडाखाली नाही?’

‘तिचं झाड कुठं हाय आता?’

मग त्याने सावकाश सांगितलं. जंगल सरकारचं, पण मोहाचं एकेक झाड गावाच्या बोलीने एकेका घराचं. फाल्गुनात जो खालची भुई साफ करील त्याचं. ज्या घराने भुई साफ केली नाही, त्याचं झाड जास्त तोंडं असलेल्या घराकडे जातं. बायजाबाईची दोन झाडं तिच्या सासूच्या सासूपासूनची. बाई एकटी, म्हणून ती झाडं कोणाकोणाच्या डोळ्यांत होतीच. ती गोंदियाला राहिली त्या वर्षी पंचांनी आठ दिवस वाट पाहिली, रूपेशला फोन करायला लावला. मग झाडं छोटेलालला दिली. त्याला चार लेकरं.

दुर्गेश्वरी पोरांना घेऊन जंगलाच्या कडेला गेली. बायजाबाई टोपलीवर वाकली होती. लेकरांना बघून तिचा चेहरा उजळला, आणि दुर्गेश्वरीला ते जास्तच जड गेलं.

‘मावशी, मला काऊन नाही सांगितलं?’

‘सांगतलं असतं तं तू जाऊ दिलं असतं,’ बायजाबाई म्हणाली. ‘मंग आगेचीले कोणं पाहिलं असतं?’

मी पंचांशी बोलते, दुर्गेश्वरी म्हणाली. बायजाबाईने पलीकडच्या मोठ्या झाडाकडे बघत नकारार्थी मान हलवली. छोटेलालची बायको पहाटे चारही लेकरं घेऊन येते, आता त्यांच्या तोंडचं कसं काढायचं?

तेवढ्यात भूमिका आणि योगराज त्याच झाडाखाली धावले. झाडून स्वच्छ केलेल्या भुईवर पिवळी फुलं पडली होती. दोघांनी मुठी भरल्या. बायजाबाई लगबगीने उठली, त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि एकेक बोट सोडवत दोघांच्या मुठींतली फुलं काढून पुन्हा तिथेच खाली ठेवली.

‘हे आपलं नाही, राजा,’ ती म्हणाली. ‘आपण तिकडं वेचू.’