मातीला हात न लावायचा दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रापाशी बसून साऱ्या जगाची उणीदुणी काढली त्यालाही नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात? कुणाचा जीव गेला नाही, मी कुणाचं काही लुबाडलं नाही. एकदा गप्प बसलो, एवढंच — आणि नंतर मात्र बोलत राहिलो. हे दुसरं पहिल्याहून वाईट. पण तिथवर यायला मला जरा वेळ द्या.

आधी रैनूबद्दल सांगतो. त्याच्याबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं.

तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. गावं सुधारण्याच्या योजना नव्यानेच आल्या होत्या आणि मी समाजशिक्षण संघटक होतो — नाव भारदस्त, काम शिबिरं भरवण्याचं. गावोगावचा एकेक चलाख माणूस आणायचा, आठवडाभर त्याला भाषणं ऐकवायची आणि ‘ग्रामनेता’ म्हणून परत धाडायचा. पुढारी आठवडाभरात शिजतो अशी आमची समजूत होती.

रैनू धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गोंड वस्तीतून आला होता. उंच, काटक, खांद्यावर कुऱ्हाड. ‘पुढारी कसा असावा’ हे माझं भाषण सुरू झालं आणि हा गडी पहिल्याच वाक्याला हसला! मग सगळ्यात जास्त प्रश्नही त्यानंच विचारले. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तो आवडूनच गेला.

त्याच्या गावातल्या बाया उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरत. परत गेल्यावर रैनूनं विहिरीचं काम काढलं. खणायचं गावानं, आणि तपासणीत काम पसंत पडलं की विटा, सिमेंट नि गवंडी सरकारनं द्यायचा, असं ठरलं. पावसाळ्याआधी बांधणी झाली नाही तर काठ ढासळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावात दोन तट होते, एकमेकांचं तोंड न बघणारे. एक म्हातारा तर रुसून घरातच बसला होता. रैनू त्याच्या अंगणात जाऊन बसला — बोलला काहीच नाही, नुसता दोर वळत राहिला. ऊन उतरल्यावर म्हाताराच फावडं घेऊन विहिरीकडे निघाला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. असं मला कधी जमलं का? नाही.

मग शिबिरांचा गावांवर काय परिणाम झाला ते बघायला नागपूरहून साहेब यायचे ठरले. वार बुधवार. मी गावाला निरोप धाडला, तर रैनू जंगल तुडवत माझ्या कचेरीत हजर.

“बुधवारी येऊ नोका, भाऊ,” तो म्हणाला. “बियाचा सण हाय. त्या दिशी माती निजते, आमी तिले हत्यार नाई लावत. गुरवारी या, सारं गाव खणताना दाखवतो.”

गावच्या पुजाऱ्यानं धरलेला दिवस, तो हलणार नव्हता. मी म्हटलं, बरं, कळवतो साहेबांना.

कळवलं का? नाही. साहेब तापट होते. दौरा बदला म्हटल्यावर त्यांनी एका कारकुनाला चारचौघांत सोलून काढलं होतं. माझी नोकरी अजून कच्ची होती. मी आज कळवू, उद्या कळवू करत राहिलो — आणि बुधवार उजाडला.

जीप गावात शिरली. सगळं गाव मोहाच्या झाडाखाली धुतलेल्या कपड्यांत बसलेलं. विहीर अर्धी खणलेली, दोर गुंडाळून ठेवलेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं असेल? रैनूला जीपच्या आडोशाला नेलं आणि हळूच म्हटलं, चार घाव घाल रे, साहेबांपुरते.

तो रागावला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, “मी घाव घातला, त उद्या गाव माह्यामागं येईन काय, भाऊ?”

माझ्या आठवडाभराच्या भाषणांत हे एक वाक्य नव्हतं.

मग साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून त्याला विचारलं, “आम्ही आज येणार हे यानं सांगितलं नव्हतं का?” रैनू मला भेटून गेल्याचं साऱ्या गावाला माहीत होतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

“सांगतलं होतं, साहेब. मीच दिवस चुकलो.”

गावातलं एकही माणूस बोललं नाही. मीही बोललो नाही. त्यानं मला का वाचवलं? मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. परतताना साहेब म्हणाले, “शिबिराचा परिणाम शून्य. माणूस पुढारी व्हायच्या लायकीचा नाही.” आणि मी — ज्यानं दोर वळणारा रैनू पाहिला होता — मी म्हणालो, “हो, साहेब.”

विटा दुसऱ्या गावाला गेल्या. आषाढात विहिरीचा काठ ढासळला.

इथवरचं भित्रेपण म्हणा. पण पुढे मी शिबिरांत मुख्य शिकवणारा झालो. दुपारी माणसं पेंगायला लागली की हसवायला काहीतरी लागायचं. मग मी सांगायचो — साहेब येणार म्हणून आधी कळवलेलं, आणि आमचा पुढारी अख्खं गाव घेऊन झाडाखाली बसलेला! हशा पिकायचा. पुढारी कसा नसावा, त्याचा नमुना म्हणून मी रैनू वापरला. वर्षानुवर्षं.

मधे एकदा त्या गावी जाणं झालं. विहीर उभी होती. त्यांनी ती पुन्हा खणली होती आणि नाल्यातले दगड वाहून आणून स्वतःच बांधली होती. दोन्ही तटांच्या बाया एकाच काठावर पाणी शेंदत होत्या. केवढा अभिमान वाटला मला त्याचा! रैनूनं मला पाणी दिलं. त्याच्या चेहऱ्यावर मी टोमणा शोधत होतो. तो नव्हता.

“शिबिरं चालू हायेत ना, भाऊ?” त्यानं विचारलं. “चांगलं रायते ते. आमच्या गावचे दोघं पाठवतो.”

आता सांगावं, असं ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यालो आणि निघालो.

पुढच्या शिबिराला ते दोघं खरंच आले. मी त्यांना कौतुकानं पहिल्या रांगेत बसवलं. आणि एका दुपारी माणसं पेंगायला लागली तेव्हा, सवयीनं, मी तीच गोष्ट सांगितली. गावाचं नाव तेवढं घेतलं नाही. सगळे खदाखदा हसले. ते दोघं हसले नाहीत.