कप्तानआजीचं पुढे काय झालं

मीरा, ईशान — ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुमच्या आईलाही नाही. आज लिहिते आहे, कारण मीरा, तुझं पत्र परवा पोचलं. ‘आजी, हे “दूरचं ठाणं” लिहिणाऱ्या बाईंना नेऊन दे, त्या तुझ्याच गावात राहतात ना?’ अशी वर चिठ्ठी. आत एकच प्रश्न — कप्तानआजी घरी पोचते का?

ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. का, ते सांगायचं आहे. सरळ सांगता आलं असतं तर दोन ओळींत संपलं असतं.

आठवतं, दर रविवारी आपण तिघं एकाच वेळी ‘दूरचं ठाणं’ या ऐकायच्या मालिकेचा नवा भाग लावायचो? तुमची सकाळ, माझी संध्याकाळ. सत्तरीची कप्तान, केसांत लाल पेन खोचलेलं, नोंदवहीला कुणी हात लावलेला चालायचा नाही. ‘आजी, ही तर तूच!’ म्हणून तुम्ही हसायचात. खरंच मीच होते. ते लिहिणारी नसरीन माझी विद्यार्थिनी. कॉलेजात मी तिला इंग्रजी शिकवलं. ती इथल्या छावणी भागात राहते. धाकटी बहीण रूबीना आवाजाचं बघायची. एका खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, दोघी अख्खं अंतराळयान उडवायच्या.

नसरीन माझ्याकडे यायची, येताना दौलताबादची सीताफळं आणायची. अशाच एका दुपारी ती म्हणाली, नवरा आखातात नोकरीला आहे असं मी मोहल्ल्यात सांगते, मॅडम, पण तो मला सोडून गेलाय. त्याच दुपारी मीही तिला एक सांगितलं — क्रांती चौकात रिक्षातून उतरले आणि मिनिटभर कळेचना, घराचा रस्ता कोणता. चारी बाजूंनी गाड्या, आणि मी पिशवी धरून उभी. तुमच्या आईला सांगितलं असतं तर ती पहिल्या विमानाने आली असती. म्हणून नसरीनलाच सांगितलं.

मग तिसऱ्या पर्वाचा चौथा भाग आला. चार मार्ग एकत्र येतात तिथे यान थांबतं, आणि कप्तानला आठवत नाही, घर कुठल्या बाजूला. ईशान, तू विचारलंस, ‘आजी, कप्तान वेडी झाली का?’ तू सात वर्षांचा होतास, तुझा काय दोष? पण मी फोन ठेवून दिला. माझं गुपित तिने सगळ्या जगाला ऐकवलं — एवढंच डोक्यात.

श्रोत्यांचा एक ऑनलाइन गट होता, तिथेही आग लागली होती. आमची कप्तान बिघडवली म्हणून माणसं पेटली होती. ‘बाई, आधी गॅसवरचं दूध बघा, मग यान उडवा!’ अशी भाषा. मी तिथे ‘जुना श्रोता’ नावाने गप्प बसून वाचत असे. त्या संध्याकाळी मी माझी वही काढली. पहिल्या भागापासूनच्या तिच्या चुका मी तारीखवार टिपून ठेवल्या होत्या — कुठल्या भागात प्राणवायू किती दिवसांचा, कुठल्या भागात खिडक्या किती. चाळीस वर्षं पेपर तपासलेली बाई मी, दुसरं काय करणार? सगळी यादी स्वच्छ उतरवून गटावर टाकली. ‘सर, धुऊन काढलंत!’ लोक म्हणाले. सर! मला बरं वाटलं. त्या वयात शाबासकी कोण देतं?

यादीशी थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. शेवटी नसरीनचं नाव घेऊन एक ओळ लिहिली: ‘जिला स्वतःचा नवरा घरी परत आणता आला नाही, ती यान काय परत आणणार?’

मी लिहिली. या हातांनी.

ती ओळ पसरली. लोकांनी तिची चित्रं केली, नसरीनच्या फोटोवर ती छापली. मोहल्ल्यात कळलं. मग तिच्या नावावरून, धर्मावरून जे लिहिलं गेलं ते मी इथे उतरवणार नाही. ते मी लिहिलं नव्हतं, पण त्याला दार मी उघडून दिलं होतं.

आठ दिवसांनी नसरीन आली. आमच्याकडे पाण्याचा दिवस होता, मोटर चालू होती. तिने फोन पुढे केला. ‘मॅडम, ही गोष्ट फक्त रूबीनाला माहीत होती, अन् तुम्हाला. तुमच्यावर शक घेतला तर जीभ झडेल माझी. पण सख्खी बहीण असं करते, हो?’

मी काय केलं माहीत आहे? ‘टाकी भरली असेल,’ म्हणून उठले आणि मोटर बंद करायला गेले. टाकी निम्मीही भरली नव्हती. तो आठवडा मी मोजून पाणी वापरलं. परत आले तर ती डोळे पुसून हसायचा प्रयत्न करत होती. म्हणाली, ‘कप्तान तुम्हीच आहात, मॅडम. तुमची चौकातली गोष्ट ऐकली तेव्हाच ठरवलं होतं — हिला विसरू द्यायचं, आणि शेवटी हिनंच सगळ्यांना घरी आणायचं. जुन्या नोंदवहीवरून. आठव्या भागात.’

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी तिला चहा दिला.

तिने ‘दूरचं ठाणं’ बंद केलं. रूबीनाशी ती बोलत नाही. रूबीना भाड्याची खोली घेऊन वेगळी राहते. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, बाईंना कंटाळा आला असेल. तेही खोटं.

तिनेच आधी मला दुखावलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण तिने माझं नाव कुठेच घेतलं नव्हतं. मी तिचं घेतलं.

रिक्षाने तिचं घर पंधरा मिनिटांवर आहे. मी गेलेली नाही.

मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कप्तानआजी घरी पोचणार होती. नसरीनने सगळे भाग काढून टाकले आहेत, आता ते कुठेही ऐकता येत नाहीत. ‘जुना श्रोता’ हे खातं मी बंद केलं. ती ओळ मात्र अजून तिथेच आहे. नसरीनचं नाव टाकून शोधलं, की आधी तीच येते.