बंपरवरची चंद्रकोर

"बाई, ही चंद्रकोर तुमच्याकडची का?"

परुळेकरांनी गाडीच्या पुढच्या बंपरवर बोट ठेवलं होतं. गाडी नवी, पांढरी, जेमतेम तीन आठवड्यांची. नंबरप्लेटच्या बरोबर खाली, बायका कपाळावर काढतात तशी बारीक कोर उमटली होती. पेंट खरवडून आतलं काळं प्लास्टिक दिसत होतं.

"एक गाडी असती तर मी बोललो नसतो," ते म्हणाले. "सहाच्या सहा गाड्यांना आहे. सगळ्यांच्या प्लेटा तुमच्याकडून बसवल्यात."

परुळेकर गिरगावातले. लग्नाला भाड्याने गाड्या द्यायचा त्यांचा धंदा. फुलं लावली की बंपर झाकला जातो, पण व्हिडिओवाला आधी गाडीच्या तोंडाचाच क्लोजअप घेतो, हे त्यांचं दुखणं.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. करी रोडच्या पुलालगतच्या गल्लीत माझं नंबरप्लेट आणि गाडीच्या सामानाचं दुकान आहे. आता मुलगा बघतो आणि मी गल्ल्यामागे बसून सगळ्यांच्या कामात नाक खुपसते. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, आणि पुढची नंबरप्लेट पेंटला धक्का न लावता कशी बसवायची हे मुंबईत फक्त मलाच कळतं अशी माझी खात्री होती. नात म्हणते, "आजी, हीच गोष्ट लिही. यात तुझा मस्त पोपट झालाय." म्हणून लिहिते.

आधी धंद्यातलं थोडं. मागची प्लेट निवांत असते. पुढची प्लेट वारा खाते, खड्डे खाते, दिवसभर थरथरते. पत्र्याची कड बंपरवर घासत राहिली की पेंट गेलाच. त्यासाठी कड कानशीने घासून गुळगुळीत करायची. प्लेटच्या मागे स्क्रूवर वायसर, म्हणजे रबराची छोटी चकती घालायची, मग पत्रा आणि पेंट एकमेकांना भेटत नाहीत. भोक पाडण्याआधी बंपर पुसून त्यावर कागदी टेप लावायची, ड्रिल घसरलं तरी ओरखडा टेपवर जातो. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असलेल्या माणसाला बघायची गरज वाटत नाही, तसं माझं झालं.

परुळेकरांसमोर मी चंद्रकोरीकडे पाच सेकंदसुद्धा बघितलं नाही. सरळ सदाभाऊंकडे वळले.

सदाभाऊ माझे फिटर. डिलाईल रोडच्या चाळीत राहायचे. गिरणी बंद पडल्यावर हे काम शिकले आणि अकरा वर्षं माझ्याकडे होते. वय पंचावन्न. बोलणं मोजकं. रागावले किंवा खूश झाले तरच मालवणी बाहेर पडायची.

"सदाभाऊ, हे काय?"

त्यांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "वहिनी, माका एक सांगूचा आसा."

"आता सांगून काय उपयोग?" मी म्हटलं. आणि पुढे जे बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. "वय झालं तुमचं. हाताला कंप आलाय. ड्रिल धरवत नाही तर तसं सांगायचं."

दुकानात परुळेकर होते. कोपऱ्यावरचा सीटकव्हरवाला शहा चहा प्यायला आला होता. दोन गिऱ्हाईकंही होती. सदाभाऊंनी हातातला स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला, काउंटरवर ठेवला आणि चपला घालून निघून गेले.

"बघा, खरं बोललं की राग येतो," मी परुळेकरांना म्हटलं. आत्मविश्वास बघा माझा.

मग मी स्वतः कामाला लागले. परुळेकरांनी एक गाडी बंपर रंगवून माझ्याकडे पाठवली. म्हणाले, "ही नीट झाली तर बाकीच्या पाच देतो. नाहीतर मी दुसरं दुकान बघायला दादरला चाललो."

मी काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. प्लेटच्या कडेला बीडिंग चढवलं. बीडिंग म्हणजे रबराची चिरलेली पट्टी, साडीला फॉल लावतो तशी कडेला लावायची. वायसर एकाऐवजी दोन-दोन घातले. प्लेटच्या मागे आणि खाली वीतभर जागेत पारदर्शक फिल्म चिकटवली, मोबाइलच्या काचेवर लावतात तसली. स्क्रू इतके आवळले की प्लेट भाजलेल्या पापडासारखी मधे फुगली. ते बघून मला वाटलं, हं, आता घट्ट बसली. लांब उभी राहून मी स्वतःच्या कामाकडे कौतुकाने बघितलं. मग नेहमीप्रमाणे शेवटचा हात फिरवला आणि गाडी दिली.

आठ दिवसांनी परुळेकरांचा ड्रायव्हर गफूरभाई तीच गाडी घेऊन आला. फिल्म कापली गेली होती. चंद्रकोरीच्या आकारात.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"साब कुछ नहीं बोले. हसे," गफूरभाई म्हणाले. "वो हसते हैं तो दादर जाते हैं."

मी पाट घेतला आणि बंपरसमोर रस्त्यातच बसले. "इंजिन चालू करा."

गाडी सुरू झाली. प्लेट हलली नाही. हलणार कशी, मी तिचा गळा आवळला होता. तिच्याखाली मात्र दुसरंच काहीतरी हलत होतं. एक लिंबू, सात मिरच्या, एक बिब्बा.

तो माझा शेवटचा हात. माझ्याकडून प्लेट घेणाऱ्या प्रत्येकाला लिंबू-मिरची फुकट, ही माझी स्कीम होती. प्लेटच्याच खालच्या स्क्रूला मी ती स्वतः बांधायची. दर शनिवारी येऊन नवी घेऊन जा, असंही सांगायची. माझा नजर लागण्यावर कधीच विश्वास नव्हता. गिऱ्हाईक दर शनिवारी दुकानात येण्यावर होता. लोक ती दोऱ्यात ओवतात. दोरा दोन दिवसांत तुटतो, म्हणून मी डोकं चालवलं आणि बारीक लोखंडी तार वापरायला लागले. माझं लिंबू सुकायचं, पण पडायचं नाही, याचा मला अभिमान होता. तारेचं खालचं टोक पीळ देऊन तसंच सोडलेलं असायचं. ते टोक माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत बंपरवर कोर काढत होतं.

"ये निंबू किसने बांधा?" गफूरभाईंनी विचारलं.

"बंद करा इंजिन," मी म्हटलं.

त्यांनी बंद केलं. लिंबू आणखी दोन झोके घेऊन थांबलं.

दुकान मुलावर सोडून मी चालत सदाभाऊंच्या चाळीत गेले. ते गॅलरीत स्टुलावर बसले होते. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला खुर्ची दिली आणि पाणी द्यायचं विसरल्या. मुद्दाम विसरल्या, ते त्यांचं बरोबरच होतं.

"सदाभाऊ, चूक माझी होती. तारेने ओरखडे पडत होते."

"त्या दिवशी ताच सांगत होतंय," ते म्हणाले. "तुम्ही बंपर बघत नव्हतात. माझे हात बघत होतात."

"उद्यापासून या."

"तुमच्याकडे येईन. पण बाकीच्यांचं काय?"

मला कळलं नाही. तेव्हा वहिनींनी तोंड उघडलं. "आठ दिवसांत पाच दुकानांत विचारून आले. सगळीकडे एकच उत्तर. यांनाच विचारतात, 'हात थरथरतात ना तुमचे?' आणि हे तुमच्याच दुकानात ऐकलं म्हणतात. फिटरकडे दुसरं काय असतं हो, हाताशिवाय? उद्या तुम्ही दुकान बंद केलंत तर यांना कोण उभं करील?"

जे वाक्य बोलायला मला चार सेकंद लागले होते, ते माझ्याआधी गल्लीभर पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती तार, लिंबू-मिरचीसकट, हातात धरून निघाले. पाचही दुकानं. पहिला शहा.

"शहाशेठ, सदाभाऊंच्या हातात काही खोट नाही. ओरखडे मी पाडले. याने."

शहाने तार हातात घेऊन नीट बघितली. "भाभी, ये आप फ्री में देती थीं ना?"

"हो."

"सब को?"

"सगळ्यांना."

तो इतका हसला की सीटकव्हर शिवणारे कारागीर मशीन थांबवून बाहेर आले. त्यांनाही मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. तिसऱ्या दुकानापर्यंत माझ्याआधी बातमी गेली होती. तिथला मालक म्हणाला, "या, लिंबूवाल्या वहिनी." पाचव्या दुकानातल्याने तर त्याच्या गाडीचा बंपर दाखवला. त्यालाही लिंबू-मिरची मीच दिली होती, मैत्रीखातर. जमेची बाजू एवढीच, की सदाभाऊंचे हात मग कोणाच्याच लक्षात राहिले नाहीत. लोकांना त्याहून चांगलं काहीतरी मिळालं होतं.

सदाभाऊ सोमवारी आले. परुळेकरांनाही मी ती तार दाखवली होती, म्हणून ते दादरला गेले नाहीत. त्यांच्या सहाही गाड्यांच्या प्लेटा सदाभाऊंनी लावल्या. एक-एक वायसर, बीडिंग, स्क्रू पुरता आवळलेला. माझी पापड झालेली प्लेट त्यांनी हातोडीने सरळ केली. मी त्या वेळी आत जाऊन बसले. पुढे आठ वर्षं त्यांनी काम केलं. शेवटची दोन वर्षं शहा त्यांना जास्त पगाराचं आमिष दाखवून माझ्याकडून पळवायला बघत होता.

आता सरकारी प्लेट येते, तिला पुन्हा न उघडणारं लॉक असतं, आम्हाला फार काही करायचं उरलेलं नाही. तरी कोणी पेंट सांभाळायचा उपाय विचारला तर सांगते. बंपर पुसून घ्या, कडेला रबर लावा, फार आवळू नका, प्लेटखाली काही लोंबू देऊ नका. आणि ओरखडा दिसला तर आधी वाकून बघा. बंपर दोन दिवसांत रंगवून मिळतो. फिटरबद्दल भर दुकानात बोललेलं वाक्य पुसायला पाच दुकानं फिरावी लागतात, आणि तेव्हा माझे गुडघे चांगले होते म्हणून निभावलं.