नंबर विकू न देणाऱ्या सईदाबाई

सईदाबाई वकिलांची आणि माझी ओळख पांढरकवड्याच्या कोर्टात झाली. मी नुकतीच सनद घेतली होती आणि मला बसायला जागा नव्हती. त्यांनी आपले अर्धे टेबल मोकळे केले व म्हणाल्या, “बस इथं. अशिलाले आधी पूरं बोलू देत जा, मंग कायदा सांग.” त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त ग्राहकांसाठी त्यांनी केलेल्या कामाविषयी लिहिताना मला सुनीताचे प्रकरण सांगावेसे वाटते.

सुनीता राळेगावकडची, शेतकरी घरातली सून. गरोदरपणी तिने लहान मुलांच्या सामानाच्या एका दुकानात सवलतीसाठी मोबाइल नंबर आणि बाळंतपणाची तारीख सांगितली. दुकानदाराने ती माहिती काही कंपन्यांना विकली. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेले. त्या कंपन्यांचे फोन मात्र येतच राहिले. बाळ आता रांगत असेल, आमची पावडर घ्या, असे कोणीतरी सांगे.

सईदाबाई तिला घेऊन दुकानात गेल्या. मी सोबत होते.

“माहिती यांनीच तर देल्ली होती,” दुकानदार म्हणाला. “नंबर बदलून टाका ना.”

“माहा नंबर माहेरी साऱ्यायले पाठ हाये,” सुनीता म्हणाली. “मी कायले बदलू?”

सईदाबाईंनी आवाज चढवला नाही. “तिनं सवलतीसाठी देल्ली, विकाले नाही. देल्लेली संमती वापस घेता येते. सुनीता आज ते घेऊन राह्यली. तुमी ज्यायले विकली, त्यायच्याकडूनही काढा लागन. आमच्यासमोर फोन लावा.”

त्याने टाळाटाळ केली. बाई बसून राहिल्या. शेवटी त्याने फोन लावले. एका कंपनीने दाद दिली नाही. त्या कंपनीविरुद्धची तक्रार बरेच महिने चालली आणि मगच तिचे फोन थांबले.

त्या काळात सईदाबाईंनी सुनीताला अनोळखी फोन उचलू दिला नाही. आलेला नंबर ती बाईंना पाठवी. मग बाई स्वतः तिकडे फोन करून शांतपणे सांगत, “या घरी बाळ नाही. हा नंबर काढा.” ते वाक्य सुनीताला म्हणावे लागू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. याबद्दल त्या कधी कोणाशी बोलल्या नाहीत.

अलीकडे गुडघ्यांमुळे त्या कोर्टाच्या पायऱ्या सावकाश चढतात. वर आपल्या वकील मंडळींपैकी कोणीतरी त्यांची वाट पाहत असतेच. त्यांनी त्या पायऱ्या अजून पुष्कळ वर्षे, न दुखता चढाव्यात.